पाणी पिणारा दगड : दीव-नागोआला जाण्याआधी

पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दगड म्हटला की काळा दगड उभा राहतो. पाताळेश्वराचं लेणं, वेताळ टेकडीवरची खाण, वाड्यांची जोती, मुठेच्या पात्रातले कातळ, सगळा बेसाल्ट. हा लाव्हाचा दगड घट्ट आणि जड असतो, पाण्याला सहसा आत घेत नाही. पाणी मुरलंच तर भेगांमधून मुरतं. म्हणून टेकडीवरच्या खाणीचा खड्डा पावसाळ्यात भरला की पुढे कितीतरी महिने भरलेला राहतो.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेल्या दीव बेटावर हा सगळा हिशेब उलटा होतो. तिथला दगड पिवळसर पांढरा, हलका, हाताला खरखरीत, आणि पाणी पिणारा. शिवाय पाण्यात थोडा थोडा विरघळणारा. किल्ल्याच्या भिंती, नायडाच्या गुंफा, किनाऱ्यावरच्या खाचा आणि नागोआसारख्या गावांतल्या विहिरींच्या पाण्याची चव, हे सगळं या दोन गुणांतून निघतं. ते ठाऊक असेल तर दीवचे दोन दिवस भरगच्च जातात. नसेल तर समुद्र, बिअर आणि तोफेशेजारचा फोटो एवढंच पदरात पडतं. त्यालाही हरकत नाही, पण तेवढ्यासाठी इतका लांबचा प्रवास कशाला करायचा, हा प्रश्न उरतोच.

वाळूचा दगड झाला कसा

दीवचा हा दगड म्हणजे चुनखडक, त्याचं शास्त्रीय नाव मिलिओलाइट. एच. जे. कार्टर या मुंबईत काम केलेल्या अभ्यासकाने 1849 मध्ये हे नाव वापरलं. दगडात ज्या सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं सापडतात, त्या मिलिओलिड गटावरून ते आलं. हे जीव एकपेशीय. कवच साधारण मिलिमीटरभराचं किंवा त्याहूनही लहान, पांढरं, चिनी मातीच्या भांड्यासारखं तुकतुकीत. जीव मेला की कवच तळाशी पडतं. त्यात शिंपल्यांचा चुरा, प्रवाळांचे कण, समुद्री शैवालांचे चुनखडी अवशेष आणि चुन्याचे थर चढून झालेले गोल दाणे मिसळतात. या सगळ्याचा मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. इथून पुढे त्यालाच चुना म्हणू.

अशी वाळू समुद्राच्या तळाशी पडून राहिली असती तर गोष्ट सोपी होती. पण हा दगड किनाऱ्यापासून बराच आत, गिरनारच्या आसपास आणि चोटिल्याच्या डोंगरावरसुद्धा सापडतो. मग तो तिथे पोचला कसा? एक मत असं होतं की समुद्रच तिथवर गेला होता. दुसरं मत वाऱ्याचं. जे. डब्ल्यू. इव्हान्स यांनी 1900 मध्ये जुनागढच्या दगडाचा अभ्यास करून वाऱ्याची बाजू मांडली. वाद पुढे बरीच वर्षं चालला. आज साधारण असं मानतात की किनाऱ्यालगतचा काही भाग समुद्राने रचला आणि आतला बराचसा भाग वाऱ्याने.

वाऱ्याचं म्हणणं पटायला हिमयुगाचा संदर्भ लागतो. हिमयुगात पाण्याचा मोठा साठा ध्रुवांकडच्या बर्फात अडकला, की समुद्राची पातळी खाली जायची. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या मोठ्या थंडीत ती आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती. त्याआधीही अशी चढउतार अनेकदा झाली. पाणी हटलं की उथळ समुद्रतळ उघडा पडायचा, त्यावरची कवचांची वाळू वाळायची आणि नैऋत्येचा वारा ती उचलून जमिनीवर आणायचा. वाटेत डोंगर आडवा आला की तिथे तिचे ढीग साचायचे. सौराष्ट्रातल्या या दगडाची जी वयं मोजली गेली आहेत ती ढोबळमानाने 50 हजार ते 2 लाख वर्षांच्या दरम्यान येतात. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. त्या हिशेबाने हा दगड कालचं पोर आहे. आणि गंमत म्हणजे सौराष्ट्राच्या मोठ्या भागात या पांढऱ्या थराखाली तोच दख्खनचा काळा दगड बसलेला आहे.

वाळूचा दगड व्हायला गोंद लागतो, आणि इथे तो वाळूतूनच निघतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं. हे पाणी ढिगातून झिरपताना कवचांमधला चुना थोडा विरघळवतं. बऱ्याच कवचांमधला चुना अ‍ॅरागोनाइट या रूपात असतो आणि ते कॅल्साइट या दुसऱ्या रूपापेक्षा लवकर विरघळतं. पुढे पाणी आटलं किंवा त्यातला वायू निघून गेला की चुना पुन्हा बाहेर पडतो, या वेळी कॅल्साइटच्या स्फटिकांच्या रूपात, आणि दोन कण जिथे टेकतात तिथे साचतो. कण जोडले जातात, पण मधल्या पोकळ्या बऱ्याचशा रिकाम्याच राहतात. पाणी पिण्याचा गुण इथून आला. विरघळण्याचा गुणही याच क्रियेतला, फक्त उलट्या दिशेने चाललेला. पुण्यात बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो याच खेळाचा घरगुती प्रयोग.

हातात घेऊन ओळखायचा कसा

दीवमध्ये जांभूळकट काळा दगड, सिमेंटचा ठोकळा आणि जुना गिलावा हे सगळं एकमेकांत मिसळलेलं दिसतं, त्यामुळे खात्री करून घेतलेली बरी. लागतात तीन वस्तू: दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, एक लोखंडी खिळा आणि औषधाच्या ड्रॉपरच्या बाटलीत थोडं साधं व्हिनेगर. प्रयोग किनाऱ्यावर सुट्या पडलेल्या तुकड्यावरच करायचा. किल्ल्याच्या, चर्चच्या किंवा देवळाच्या भिंतीवर आम्लाचा थेंबही टाकायचा नाही. भिंतीला ते बाधतं आणि संरक्षित वास्तूवर असं काही करणं गुन्हाही आहे.

आधी खिळ्याने ओरखडा काढा. कॅल्साइटची कठिणता, खनिजांसाठीच्या 1 ते 10 या मोहच्या मापावर, 3, खिळ्याची साडेचार-पाचच्या आसपास, त्यामुळे चुनखडकावर सहज चर पडतो आणि पांढरी भुकटी निघते. घट्ट बेसाल्टवर खिळाच झिजून चकचकीत रेघ उमटते. मग त्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. अनेकांची गल्लत इथेच होते: थेंब थेट दगडावर टाकतात, काही दिसत नाही, आणि हा चुनखडक नव्हेच असं ठरवून मोकळे होतात. व्हिनेगर हे चार-पाच टक्क्यांचं सौम्य आम्ल. त्याला भुकटीच द्यावी लागते, म्हणजे जास्त पृष्ठभाग मिळतो. दगड समुद्राच्या पाण्याने भिजलेला असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर आम्ल आणखी पातळ होतं.

भिंगाखाली ताजा तुटलेला भाग बघा, जुना बाहेरचा नको. बाहेरच्या बाजूवर काळपट बुरा आणि पुन्हा जमलेल्या चुन्याची साय असते, तिच्याखाली कण दिसत नाहीत. आत गोलसर, लांबट दाणे एकमेकांना टेकलेले दिसतात. नंतर नागोआच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू काळ्या कागदावर पसरून त्याच भिंगातून बघा. कवचांचे तुकडे तिच्यातही ओळखू येतात. दगड आणि वाळू यांच्यातलं नातं सांगायला याहून सोपा मार्ग नाही, मुलांना तर नाहीच.

नायडा : खाणीची गुंफा

दीव गावाच्या पश्चिमेला जुना कोट आहे आणि त्यात झांपा दरवाजा. कोटाच्या बाहेर, जवळच, नायडा गुंफा. इथे आलेला माणूस पहिल्यांदा वर बघतो, कारण छताला जागोजाग भोकं पडलेली आहेत आणि त्यांतून उन्हाचे झोत खाली येतात. या पूर्ण नैसर्गिक गुंफा नव्हेत. पोर्तुगीजांनी बांधकामासाठी इथून दगड काढला, असं मानलं जातं, आणि भिंतींवर सरळ काटकोनात कापलेले टप्पे दिसतात ते त्याचेच. पाणी, मुळं आणि वारा यांनी नंतर आपापलं काम केलं.

पाताळेश्वर आठवून बघा. तिथे आठव्या शतकातल्या कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने एकेक टवका काढून घन बेसाल्ट पोखरला. दीवचा दगड त्या मानाने करवतीने कापता येतो. खाणीतून ताजा निघाला की तो ओला आणि मऊ असतो. उघड्यावर ठेवला की आतला ओलावा बाहेर येऊन वाळतो, त्यात विरघळलेला चुना पृष्ठभागाशी जमतो आणि दगडाला टणक कातडी येते. म्हणून कापणी दगड ओला असतानाच उरकायची, असा सगळ्या मऊ चुनखडकांच्या कामाचा रिवाज. सौराष्ट्रात अशा कापलेल्या ठोकळ्यांना बेला म्हणतात. कोकणातला जांभ्याचा चिरा असाच खाणीत मऊ आणि हवेत टणक होतो, फक्त तिथे गोंद लोहाचा असतो, चुन्याचा नव्हे. पोरबंदरकडचा हाच दगड एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या इमारतींच्या नक्षीकामासाठी गेला. बारीक कोरीव कामाला तो सोसतो. आपला काळा दगड तिथे कारागिराचा जीव काढतो.

नायडात बघायची खरी गोष्ट भिंतीतले तिरपे थर. आडव्या थरांच्या मध्येच एखादा पट्टा उताराने खाली गेलेला असतो, त्याच्यावर दुसरा पट्टा वेगळ्या कोनात. वाळूची टेकडी वाऱ्याने पुढे सरकते तेव्हा तिच्या आडोशाच्या बाजूवर वाळू घरंगळत साचते. कोरडी वाळू साधारण 30 ते 34 अंशांपर्यंतच उभी राहू शकते, त्याहून चढ वाढला की घसरते. असे मोठे, तीव्र तिरपे थर वाऱ्याने रचलेल्या मिलिओलाइटची ओळख मानले जातात. मोबाइलमधल्या कोन मोजायच्या अ‍ॅपने कोन घेता येतो. पण भिंत ज्या दिशेने कापली आहे त्यावर दिसणारा कोन बदलतो, म्हणून एकाच भिंतीवर विसंबू नका. दोन काटकोनातल्या भिंती बघा आणि जास्त भरलेला कोन खऱ्याच्या जवळचा धरा.

फोटोसाठी साधारण अकरा ते एक ही वेळ, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा झोत सरळ खाली येतात. पावसाळ्यात दगडावर हिरवी बुरशी चढते आणि पाय घसरतो. छताच्या भोकांच्या कडेला वरच्या बाजूने जाऊ नका. तिथे वरून जाडी कळत नाही आणि मुळांनी फोडलेला कडेचा दगड वजन घेत नाही.

किल्ल्याची कथा बहुतेकांना माहीत असते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1535 मध्ये पोर्तुगीजांना तो बांधायची परवानगी दिली, 1538 आणि 1546 च्या वेढ्यांत तो टिकला, आणि 1961 च्या डिसेंबरात दीव भारतात आलं. दगडाच्या नजरेने बघायचं तर समुद्राकडच्या भिंतींजवळ थांबा. ठोकळ्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील. लाटांचे तुषार दगड पितो, पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना कणांना रेटतात आणि दगड आतून भुगा होऊन गळतो. एकदा टणक कातडी फुटली की मागचा मऊ भाग भराभर झिजतो. काही ठिकाणी ठोकळा खोल गेलेला असतो आणि चुन्याचा सांधा मात्र बाहेर आलेला. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणं म्हणजे रोग कोंडून ठेवणं. सिमेंटमधून ओलावा बाहेर पडत नाही, मीठ त्याच्या मागे साचतं आणि काही वर्षांत गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा निघून येतो. जुन्या चुन्याच्या कामाची दुरुस्ती चुन्यानेच करतात ती याचसाठी. पुण्यातल्या वाड्यांनाही हाच नियम लागू आहे.

किनारा, आणि तिथीचा हिशेब

दीव गावापासून नागोआ सात-आठ किलोमीटर. घोड्याच्या नालासारखी वळलेली पुळण, मागे होका माडांची रांग. हा ताडाच्या कुळातला, पण खोडाला फांद्या फुटणारा वृक्ष आफ्रिकेकडून आला असं मानतात. पोहणाऱ्यांची गर्दी मध्यावर असते. दगड बघायचा तर पुळण संपते त्या दोन्ही टोकांकडे, किंवा जालंधर आणि चक्रतीर्थ या किनाऱ्यांच्या बाजूला जायचं.

तिथे कड्याच्या पायथ्याशी आडवी खाच दिसते, वर दगडाचा छज्जा आणि पुढे जवळजवळ सपाट कातळ. लाटा आपटून असं होतं, असं उत्तर कुणीही देतो. ते अर्धंच खरं आहे. समुद्राचं पाणी चुना विरघळवतं, हे दुसरं उत्तर तर आणखी अडचणीचं, कारण उष्ण समुद्राच्या वरच्या पाण्यात चुना आधीच भरपूर असतो आणि ते आणखी विरघळवायला सहसा तयार नसतं. मग खाच पडते कशी? बरंचसं काम जिवंत प्राणी करतात. दगडावरची शैवालं कणांच्या मधे घुसतात. ती खाण्यासाठी लिंपेट, कायटन यांसारखे मृदुकाय प्राणी दगडच खरवडतात. काही शिंपले थेट बीळ पाडून राहतात. हे सगळे भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात दाटीने असतात, म्हणून खाचही नेमकी त्याच उंचीवर येते. शिवाय कातळावरच्या डबक्यांत रात्री वेगळंच चालतं. दिवसा शैवालं कार्बन डायऑक्साइड वापरतात. रात्री प्रकाश नसतो, श्वसन मात्र चालू राहतं. वायू पाण्यात साचतो, पाणी आम्लतेकडे झुकतं आणि डबक्याचा तळ किंचित विरघळतो. सकाळी पुन्हा थांबतं. त्यातूनच कातळावर वस्तऱ्यासारख्या धारा असलेले खळगे तयार होतात.

त्या धारांमुळे पायांचा विचार आधी करायचा. रबरी चपला कातळावर फाटतात आणि हिरव्या भागावर घसरतात. जाड तळाचे, बंद, भिजले तरी चालतील असे बूट घाला. खरचटलं तर जखम गोड्या पाण्याने नीट धुवा, कण आत राहिले की पिकते. छज्जाच्या सावलीत बसायचा मोह होतो, तो टाळा. खाच जितकी आत गेलेली, तितकं वरचं वजन अधांतरी. खाली पडलेले मोठे ठोकळे तिथे का आले याचं उत्तर वरच असतं.

ओहोटीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब कामी येतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण म्हणजे 3, अष्टमीला 6. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे. पण हा हिशेब मुंबई-कोकणचा. दीवला वेळ पुढेमागे होते, त्यामुळे तो फक्त बेत आखताना वापरा आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून वेरावळसारख्या जवळच्या बंदराची घ्या. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं मागे जातच नाही, कातळ उघडा पडत नाही आणि माणसं वैतागून परततात. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-चार दिवस उत्तम. तेव्हा ओहोटी खोल असते आणि कोकणच्या हिशेबाने सकाळी आठच्या आगेमागे येते.

ओहोटीच्या दीड तास आधी कातळावर उतरा आणि पाणी वळायच्या वेळी परत निघा. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत पाणी 2.4 मीटर चढणार असेल तर अंदाजे पहिल्या तासात 20 सेंटिमीटर, दुसऱ्यात 40, तिसऱ्यात 60, चौथ्यातही 60, मग 40 आणि 20. पहिल्या तासात काहीच झालेलं नाही असं वाटतं. माणूस निवांत पुढे जातो, आणि मधल्या दोन तासांत मागची वाट बुडते. सपाट कातळावर हे जास्त धोक्याचं, कारण तिथे 20 सेंटिमीटर पाणीसुद्धा दूरवर पसरतं आणि खळगे झाकून टाकतं.

फुदम गावचं गंगेश्वर हे याच किनाऱ्यातलं देवस्थान: खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांची म्हणून सांगतात, भरतीच्या लाटा त्यांना न्हाऊ घालतात. पायऱ्या खाली उतरतात आणि कायम ओल्या असतात. चढत्या भरतीत लिंगांपर्यंत जाऊ नये. वरून दर्शन घेतलं तरी पोचतं.

विहीर मचूळ का होते

खरं सांगायचं तर दीवची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पर्यटकाला दिसत नाही, ती जमिनीखाली आहे. चुनखडकाच्या गावात ओढे-नाले कमी असतात. पाऊस पडतो, दगड पितो, पाणी खाली जातं. खाली मात्र समुद्राचं पाणीही त्याच पोकळ्यांतून आत आलेलं असतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून गोडं पाणी खाऱ्याच्या डोक्यावर भिंगाच्या आकारात तरंगतं, मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ.

किती जाड, याचा साधा हिशेब गिबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने ओळखला जातो. गोड्या पाण्याची घनता 1.000 धरली तर समुद्राची 1.025. फरक 0.025, म्हणजे चाळिसावा भाग. त्यावरून असं निघतं की विहिरीतली पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल तर तिच्याखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला भरपूर वाटतं. आता उलट बाजू बघा. पंप लावून पातळी अर्धा मीटर उतरवली, तर हिशेबाने खालची खारी सीमा 20 मीटर वर येते. प्रत्यक्षात हे लगेच होत नाही, आणि सीमा रेघेसारखी स्वच्छ नसते, दोन्हींचं मिश्रण असलेला पट्टा असतो. पण दिशा हीच. म्हणून विहीर आटायच्या कितीतरी आधी मचूळ होते. आणि पाणी कमी पडतंय म्हणून बोअर आणखी खोल नेणं, हा पुण्याकडचा नेहमीचा उपाय, इथे थेट खाऱ्या पाण्यात नेऊन सोडतो.

सौराष्ट्राच्या या किनारपट्टीवर पंप वाढल्यावर नेमकं हेच झालं. खारं पाणी आत सरकलं, नारळ-केळीच्या बागांना त्रास झाला. त्यावर खाड्यांच्या तोंडाशी भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे, नद्यांवर बंधारे, पाणी पसरवणारे कालवे आणि पुनर्भरणाच्या विहिरी असे उपाय केले गेले. तत्त्व एकच: जमिनीखालची गोडी पातळी वर उचला म्हणजे खारं पाणी आपोआप खाली दबतं. पोकळ दगडात पाणी लवकर मुरतं हा इथे फायदा. तोटाही तोच, कारण शोषखड्ड्यातलं सांडपाणीही तितक्याच लवकर विहिरीत पोचतं. बेसाल्टच्या भागातली मुरमाची गाळणी इथे नाही. त्यामुळे साध्या विहिरीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी न उकळता पिऊ नका.

खारेपणा आणि जडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड पाण्यात कॅल्शियम जास्त. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो, किटलीत पांढरा थर बसतो. ते उकळलं की काही चुना तळाशी बसतो आणि पाणी थोडं हलकं होतं. खाऱ्या पाण्यातलं मीठ उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. मुक्कामाच्या ठिकाणी नळाला मचूळ पाणी आलं तर ते अंघोळीला वापरा, स्वयंपाकाला वेगळं घ्या. मार्चनंतर जाणाऱ्यांना हा अनुभव येण्याची शक्यता जास्त.

जाणं-येणं

पुण्याहून वेरावळला आठवड्यातून एकदा थेट रेल्वेगाडी आहे. तो वार जमला नाही तर मुंबईत वांद्रे टर्मिनसहून वेरावळची गाडी पकडायची. वेरावळ ते दीव रस्त्याने अदमासे 90 किलोमीटर, कोडीनार आणि ऊनामार्गे. दीवला विमानतळही आहे, नागोआच्या जवळ, पण उड्डाणांचं वेळापत्रक वारंवार बदलतं, म्हणून त्यावर सगळा बेत टांगू नका. बेटावर फिरायला भाड्याची स्कूटर पुरते. पूर्वेच्या किल्ल्यापासून पश्चिमेच्या वणाकबारा या कोळी वस्तीपर्यंत जायला अर्धा-पाऊण तास लागतो.

पहिल्या दिवशी सकाळी ओहोटीला किनारा, दुपारी अकरानंतर नायडा, संध्याकाळी किल्ला. दुसऱ्या दिवशी फुदम, खुकरी स्मारक आणि वणाकबारा. 1971 च्या डिसेंबरात दीवच्या किनाऱ्यापलीकडे बुडालेल्या आयएनएस खुकरीचं हे स्मारक चुनखडकाच्या कड्यावर आहे. तिथून खालच्या खाचा वरून दिसतात. ओहोटीची वेळ जुळत नसेल तर हा क्रम खुशाल उलटा करा, ठरवायचं ते तक्त्याने.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, कातळावर जाण्याचा प्रश्नच येत नाही. उसळत्या लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. हिवाळ्यातही निघायच्या आदल्या रात्री तो बघून घ्यावा. दीवमध्ये दारू मिळते, गुजरातेत बंदी आहे, आणि बेटावरून बाहेर पडताना गाड्या तपासतात. उरलेली बाटली तिथेच सोडून यायची. दगडाचे तुकडे मात्र बॅगेत भरू नका. भिंगाखाली बघून झालं की जिथून उचलले तिथेच ठेवा.